शिवेपलीकडे लोटलेला गाळ

फार मागे, माणसं थोडी आणि रानं दाट होती तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच.

ओढ्याच्या वरच्या अंगाला चिताऱ्यांचं एक गाव होतं. पाळणे, पालख्या, देवाचे मखर रंगवावेत ते याच गावानं. हरताळ नावाचा पिवळा दगड कुटून ते सोन्यासारखा रंग करत. दगड देखणा, पण पोटात गेला तर विष. रंगाचा उरलेला गाळ पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेरच्या उकिरड्यावर पडत आला. त्यातच शेण, राख, फुटकी मडकी. उकिरड्याची टेकडी झाली.

गावाची एक समजूत होती. जे शिवेपलीकडे टाकलं, त्याची पीडा आपली नाही. आजाऱ्यावरून उतरलेला भात असो की मेलेलं ढोर, शीव ओलांडून टाकायचं आणि मागं न बघता परतायचं.

एका वर्षी देवीची पालखी उकिरड्याजवळच्या वाटेनं यायची ठरली. पाटलानं पारावर माणसं जमवली.

पाटलाची म्हातारी आई म्हणाली, "लेकरा, ढीग हळूहळू उपसा. पिवळा डाग नसलेलं शेणखत शेतात घाला. खापऱ्या वाटेच्या खड्ड्यांत भरा. गाळ तेवढा पाण्यापासून लांब, माळावर, चिकणमातीनं लिंपलेल्या खड्ड्यात पुरा. चार उन्हाळे जातील, पण निस्तरेल."

"आई, तोवर देवीचेच केस पिकतील!" पाटील म्हणाला. सगळे हसले. "गाड्या जुंपा रे. शिवेपलीकडच्या घळीत लोटून मोकळे होऊ."

"घळीचं पाणी ओढ्याला मिळतं. खालच्या गावात तुझी लेक नांदते. नात आता कुठं चालायला लागलीय."

"त्यांचं ते बघतील. शीव सरली, आपला संबंध सरला."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरी गेली.

वाट लख्ख झाली. पालखी थाटात आली. पाटलाला मानाचा नारळ मिळाला.

पावसाळ्यात घळ भरून वाहिली. खालच्या गावात आधी मासे उलटे झाले. मग गुरं बसली ती उठली नाहीत. मग घराघरांतून पोरं ओकू लागली. लेकीचा सांगावा आला, तसा पाटील अनवाणी निघाला.

लेक ओसरीवर बसली होती. घरात पोरीचा आवाज नव्हता. चालून चालून पाटलाच्या घशाला कोरड पडली होती. त्यानं दारातल्या घागरीकडे हात नेला.

"नका पिऊ, आबा," लेक म्हणाली. "वरून तुमच्याच गावचं येतंय ते. पोर तापात पाणी पाणी करायची. आम्हाला काय ठाऊक? मीच पाजत होते."

पाटील गावी परतला. कुणाला काही न सांगता फावडं घेऊन घळीत उतरला. हळूहळू गावही उतरलं. म्हातारी काठावर पाट्या धरायला उभी राहिली. पण ओढ्यानं नेलेला गाळ कुणाच्या फावड्याला लागणार? पाटील खणता खणता म्हातारा झाला. खालचं गाव कधीच उठून गेलं होतं. लेक कुठल्या मुलखात गेली, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

बाळांनो, एवढं ध्यानात धरा: निस्तरायचा कंटाळा करून पुढं लोटलेली घाण कुणाच्या तरी लेकराच्या तोंडी जाते.