चौथी मात्रा

फार वर्षांपूर्वी करवंदाच्या एका झुडपात म्हातारा कोळी आपल्या पुतण्याला, चपळ्याला, ताल शिकवत असे. कोळिणीच्या जाळ्यावर जायचं तर आधी धाग्यावर पायाने तीन ठोके द्यायचे आणि चौथ्या मात्रेला सगळं अंग थांबवायचं. सावज सारखं धडपडतं. जो थांबतो, त्यालाच ती पाहुणा समजते.

"एक, दोन, तीन, गप्प!" चपळ्या झरझर म्हणायचा.

"पायांनी दाखव, बाळा."

"काका, रोज तेच काय? पाठ झालंय की!"

म्हातारा कौतुकाने हसायचा आणि सोडून द्यायचा.

एका सकाळी चपळ्या कुणाला न विचारता शेजारच्या कोळिणीकडे निघाला. कळताच म्हाताऱ्याने तिच्या जाळ्याला जोडलेल्या धाग्यावर पाय टेकला. तीन ठोके नेमके आले. चौथ्या मात्रेलाही ठोकाच आला. मग धाग्याला जोराचा हिसका बसला आणि तो हळूहळू स्थिर झाला.

धाकटी पुतणी जवळ आली. "काका, दादाला ताल येत होता ना?"

"तोंडाने येत होता," म्हातारा म्हणाला. "पायांनी येतो का, हे बघायचं काम माझं होतं."