खजिना हरवणारा गोळा

"नऊ खुंट्या आणि एक गोळा! एवढ्यात केवडापूरचा खजिना रिकामा होतो कसा?" राजा मकरध्वज दिवाणांवर कडाडले.

महाराजांना नाद एकच. अंगणात नऊ लाकडी खुंट्या मांडायच्या आणि लांबून लाकडी गोळा घरंगळत सोडून त्या पाडायच्या. रोज दरबारी एकेक करून समोर खेळायला येत, आणि महाराज रोज जिंकत. राजाचं मन मोठं, म्हणून हरणाऱ्याची समजूत घालायला जरीचा शेला देण्याची रीतच पडली होती.

दिवाण त्रिंबकपंतांच्या खांद्यावरही तसलाच शेला होता. तो सावरत ते म्हणाले, "महाराज, खुंट्याच फार महाग पडतात. हा रखमाजी कातारी आपल्याला लुटतोय."

खुंट्या कातून देणाऱ्या रखमाजीच्या तोंडचं पाणी पळालं. पण नव्या खुंट्यांची टोपली घेऊन मागे उभी असलेली त्याची लेक गोजरी पुढे आली. बापाला चोर म्हटलेलं तिला सहन होईना.

"महाराज, खेळ महाग नाही. उलट तो कमाई करून देईल."

"असं? मग उद्या संध्याकाळपर्यंत दाखव कमाई. मी खेळ थांबवणार नाही, रयतेवर कर बसवणार नाही आणि खेळायला येणाऱ्याकडून पैसे घेणार नाही. जमलं नाही, तर तुझ्या बापाचं कातायचं चाक जप्त!"

चाक गेलं म्हणजे घरची चूलच विझली. गोजरीने टोपली खाली ठेवली.

"मग एवढंच करा, महाराज. उद्यापुरता शेला हरणाऱ्याने द्यायचा."

दुसऱ्या दिवशी दरबारी मंडळी बाह्या सरसावून आली. आज हरायची कुणाचीच तयारी नव्हती. त्रिंबकपंतांनी देवाचं नाव घेऊन गोळा सोडला, तो थेट जास्वंदीच्या कुंपणात. सेनापतींनी एक डोळा मिटून नेम धरला. त्यांचा गोळाही कुंपणात. महाराजांनी दोनच खुंट्या पाडल्या. संध्याकाळी अंगणात शेल्यांचा ढीग लागला आणि दिवाणांचा खांदा उघडा पडला.

महाराज चकित झाले. "पण पोरी, हे लोक जिंकले असते तर? तुझ्या बापाचं चाक गेलं असतं की."

"खुंट्या रोज मीच उभ्या करते, महाराज. दरबाऱ्यांचा गोळा त्यांना कधी लागतच नाही आणि कुंपणाला मात्र भगदाड पडलंय. शेल्यापायी ही मंडळी इतकी वर्षं चुकवायचा सराव करत होती. तो हात एका दिवसात सरळ कसा होईल? तुम्ही रोज जिंकत होता आणि खजिना रोज हरत होता."

महाराज हळूच म्हणाले, "म्हणजे मी आजवर जिंकलोच नाही?"

"आजवरचं सोडा. आज मात्र खरे जिंकलात."

"नुसत्या दोन खुंट्या पाडून?"

"समोर सगळे भोपळे असले, की दोनसुद्धा पुष्कळ होतात, महाराज."

महाराज पोट धरून हसले. त्यांनी ढिगातला सर्वांत भारी शेला रखमाजीच्या खांद्यावर घातला आणि राजवनातलं लाकूड त्याला कायमचं मोफत करून दिलं.

"आणि गोजरी, उद्या माझ्याशी खेळायला तू ये."

"येईन की. पण महाराज, शेला कुणी द्यायचा, ते आधी ठरवा. त्यावर माझा नेम अवलंबून आहे."