न उचललेले दगड

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत, म्हणून सांगतो. मध्येच कुणी जांभई दिली तर उठून जाईन. पुन्हा सांगणार नाही.

एका माळावर जनावरं राहत होती आणि त्यांची एक रीत होती. सकाळी चरायला निघताना प्रत्येकाने वडाखाली एक दगड ठेवायचा आणि संध्याकाळी परत आल्यावर उचलून टाकायचा. वडाखालची जमीन मोकळी झाली की सगळे निवांत. दगड उरला, तर कुणीतरी बाहेर राहिलंय. मग सगळे हाका मारत शोधायला निघत.

बहुतेक वेळा उरलेला दगड म्हाताऱ्या कासवाचा असे. ते वाटेतच सापडे. "चला आजोबा, तुमच्या पायी आमचं जेवण गार झालं," असं म्हणत पोरंसोरं त्याला ढकलत आणत. कासव कुरकुरे, पण आपल्याला शोधायला कुणी येतं, हे त्याला आतून बरं वाटे.

करकोचा कारभारी झाला आणि त्याला ही रीत खुपू लागली. भर सभेत तो म्हणाला, "दिवसभर एवढी मोठी रास, आणि संध्याकाळी हातात काय? काही नाही! शिवाय या आळशी म्हाताऱ्यापायी रोज सगळ्यांची पायपीट. आजपासून दगड उचलायचे नाहीत. रोज नवा ठेवायचा. आपली बेरीज वाढली पाहिजे."

सगळे कासवाकडे बघून हसले. ते मान आत ओढून बसलं.

रास वाढू लागली. करकोचा रोज संध्याकाळी तिच्यावर चढून ओरडे, "एकूण नऊशे! कालपेक्षा साठ जास्त!" जनावरं टाळ्या पिटत. कुणाला शेजारची जागा रिकामी दिसे, छातीत धस्स होई. मग तो राशीकडे बघे. रास कालच्यापेक्षा उंच असे. त्याचा जीव भांड्यात पडे.

कासवाच्या शेजारच्या झुडपात तितरबाई राहायची. एका संध्याकाळी ती आली नाही. दुसऱ्याही संध्याकाळी आली नाही. कासव करकोच्याकडे गेलं.

"कारभारी, तितरबाई परतली नाही. चार जण द्या, शोधून येतो."

"तिचा दगड राशीत आहे ना?"

"आहे. कालचा."

"मग ती आहे. उगाच लोकांना घाबरवू नका. तुम्हाला काय, लक्ष वेधून घ्यायची सवयच."

कासव एकटंच निघालं. ओढ्याच्या वाटेला नुकताच काठ खचला होता, ते त्याला दिसलं नाही. पायाखालची माती सरकली आणि ते पाठीवर आपटत घळीच्या तळाला गेलं.

"आलात?" शेजारून आवाज आला. तितरबाई होती, एक पंख मोडलेला. "किती वेळ लावलात! बाकीचे कुठायत?"

"बाकीचे येत नाहीत आता."

"असं कसं? माझा दगड उरला असेल की!"

पलीकडून आधीच पडलेले ससा आणि मुंगूस पुढे आले, त्यांनी दोघांनी मिळून त्याला सुलटं केलं. तळाला पाण्याची धार होती, थोडा पाला होता, तेवढ्यावर दिवस निघाले. कडा मात्र सरळ उभा होता, नखं टेकत नव्हती. सगळे ओरडून ओरडून घसा बसवत. वरची वाट सगळ्यांची तीच होती, त्यामुळे रोज कुणी ना कुणी गडगडत खाली येई, आणि आल्या आल्या तोच प्रश्न विचारी, "आता शोधायला येतील ना?"

संध्याकाळी वरून आरोळी ऐकू येई. "कालपेक्षा चाळीस जास्त!" काही दिवसांनी, "कालपेक्षा अकरा जास्त!" टाळ्या पातळ होत चालल्या होत्या. आरोळी मात्र तशीच दणदणीत. घळीत आता बसायला जागा उरली नव्हती.

मग एका संध्याकाळी राशीचं टोक घळीतूनही दिसू लागलं. सगळ्यांनी माना वर केल्या.

"एकूण तीन हजार! कालपेक्षा एक जास्त!"

टाळ्या वाजल्या. एकाच जोडी पंखांच्या.

कासवाने एकेकाकडे नीट बघून घेतलं, तितरबाईपासून थेट सकाळी पडलेल्या सायाळीपर्यंत. मग मान आत न ओढता ते राशीकडे बघत बसलं. भर सभेत आळशी म्हटल्याची माफी अजून यायची आहे. मागायची आहे करकोच्याने.