वर पाणी, खाली जाळ

एकदा एक गुळाचा व्यापारी वृद्ध वैद्यांच्या दारी आला. त्याच्या बोटांचे सांधे सुजून लाल झाले होते. त्याच्या पेठेत गुळाचे सौदे रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून होत, आणि याची बोटे तर आता वळेनात. "वैद्यबुवा, परवा मी एक भाव सांगितला अन् अडत्याला दुसराच कळला," तो म्हणाला. "असंच चाललं तर पेठेत माझा हात कुणी हातात घेणार नाही." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

वैद्यांचा शिष्य गेले चार महिने त्याला लेप लावीत होता. लेपाने सूज उतरे आणि आठवड्याभरात परते. त्या दिवशीही शिष्य औषध घोटायला बसला, तोच गुरूंनी त्याच्या हातातला खल काढून घेतला आणि दोघांना गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर नेले. शिष्य मनातून चिडला. दुखणेकऱ्याला काय उसाचा रस पाजायला नेतात?

मोठ्या काहिलीत रस उकळत होता आणि फेस काठापर्यंत चढला होता. "हा शांत करून दाखव," गुरू शिष्याला म्हणाले. शिष्याने पाणी शिंपडले. फेस बसला आणि क्षणात पुन्हा चढला. असे पाच-सात वेळा झाले. शेवटी गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला राहवेना. "वरनं काय शिपडताय, पावणं? खालचा जाळ कमी करा की! आन् ढवळत ऱ्हावा, न्हाईतर बुडाला लागंल."

शिष्याचा चेहरा उतरला. गुरू व्यापाऱ्याकडे वळले. "शेठजी, सूज म्हणजे शरीरानेच पेटवलेला जाळ. जखम झाली की तोच ती भरून आणतो, म्हणून तो वैरी नव्हे. पण आपण पोट भरल्यावरही खातो, दिवसभर लोडाला टेकून बसतो, आणि जाळाचे काम संपले तरी तो धुमसत राहतो. भूक ठेवून उठा. गोड, तळलेले आवरा. रोज नदीपर्यंत चालत जा."

"पण गुरुजी, चालण्याने अंग आणखी तापेल," शिष्य म्हणाला.

"तापेल, थोडा वेळ. मग राबलेला स्नायू स्वतःच दाह शमवणारे द्रव्य रक्तात सोडतो. आपण मुळ्यांसाठी रानोमाळ भटकतो, आणि एक औषधशाळा मांडीतच घेऊन हिंडतो! पन्नास वर्षे नाड्या पाहिल्या रे, पण याचे नवल अजून सरत नाही."

सहा महिने लोटले. एका सकाळी व्यापारी नदीवरून थेट दारात आला. त्याचे सुटलेले पोट चांगले उतरले होते. "काल सौदा झाला. अडत्याला पहिल्याच दाबाला भाव कळला," म्हणत त्याने हात पुढे केला. शिष्याने तो हातात घेतला. दोन सांधे अजून जाडच होते, पण कातडी थंड होती, आणि बोटे एकेक करून मिटली. ना लेप, ना काढा. शिष्याच्या अंगावर काटा आला. याच हातावर चार महिने लेप थापताना आत एवढे सामर्थ्य वाट पाहत बसले आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याने तो हात बराच वेळ सोडला नाही, आणि गुरूंनीही त्याला घाई केली नाही.

जेवायला बसण्यापूर्वी आपणही आपल्या हाताकडे एकदा तसे पाहावे.