ठकूबायचा पाला

फार फार वर्षांमागची गोष्ट. तळेखोल गाव तेव्हाही डोंगराच्या पायथ्याशीच होतं, पण तिथं यायला वाट नव्हती, असं म्हणतात. वाट नव्हती तर माणसं आली कुठून, हे मला विचारू नका. मी लहानपणी विचारलं होतं आणि पाठीत धपाटा खाल्ला होता.

त्या गावात ठकूबाय राहायची. हिवतापावर ती एक पाला द्यायची. दात वाजवत, गोधडीत गुंडाळून आणलेला माणूस त्याचा रस प्यायला की आपल्या पायांनी घरी जायचा. कुणी म्हणतं, ती रानात शिरली की वारा पडायचा आणि तेवढं एकच झुडूप हलायचं. कुणी म्हणतं, छे, उलट, सगळं रान हलायचं आणि ते एकच स्थिर राहायचं. दोघंही शपथेवर सांगतात. आता माणसानं करायचं काय?

एक गोष्ट मात्र सगळे सारखी सांगतात. औषधावर कुणाची नजर पडली किंवा त्याचं नाव तोंडातून निघालं की त्याचा गुण जातो, असं तेव्हा पक्कं मानत. म्हणून ठकूबाय पाला मुठीत झाकून आणायची आणि लोकांकडे पाठ करून पाट्यावर वाटायची. ती रानातून उतरताना दिसली की माणसं आपणहून भिंतीकडे तोंड करायची. बायका डोईवरच्या हंड्यासकट वळायच्या. रांगती पोरंसुद्धा वळायची, असं म्हणतात. पोरांचं मला काही खरं वाटत नाही. मरतेवेळी पाल्याचं नाव एकाच माणसाच्या कानात सांगायचं अशी रीत होती, आणि ठकूबायनं त्यासाठी आपली सून सरजा मनाशी धरून ठेवली होती.

मग एका वर्षी हिवताप असा आला की गावात चुली पेटेनात. ठकूबाय घरोघर रस पाजत फिरली आणि शेवटी तीच अंथरुणाला खिळली. तापानं तिची वाचा गेली. कानात सांगायचं ते आतच राहिलं.

सरजा अंगणात येऊन रडायला लागली. "कुणीतरी पायलं आसंल की! आत्याबाईंच्या हातात कंचा पाला आसायचा? सांगा की वं कुणीतरी!"

कुणीच पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं अख्ख्या गावानं नेमानं, आदरानं पाठ फिरवली होती.

मग ज्याला जे आठवेल ते तो सांगू लागला. "लई कडू व्हता," धोंडू गुरव म्हणाला. "कडू कुठला, तुरट!" त्याची बायको म्हणाली. कुणाला नुसता वास आठवत होता. ठकूबायच्या बोटांवरचा डाग हिरवा होता की पिवळा, यावरून दोन भावांची जुंपली. सरजाचं डोकं पार भंजाळून गेलं.

"समदंच आना," ती शेवटी म्हणाली. "आत्याबाईंना दावू. त्या वळखतील."

गाव रानात पळालं. ज्याला जे दिसलं ते त्यानं ओरबाडून आणलं. ठकूबायची बाज अंगणात आणली. पाल्याचा ढीग लागला, तो बाजेपर्यंत आला. ठकूबायनं डोळे उघडले. एवढा पाला बघून तिला हसू आलं, असं म्हणतात. रडू आलं, असंही म्हणतात. तिनं हात लांबवला, ढिगात घातला, एक डहाळी उपसली आणि सगळ्यांना दिसावी म्हणून उंच धरली.

आणि सगळ्या गावानं भिंतीकडे तोंड केलं.

मुद्दाम नाही हो. सवयच तशी. सरजासुद्धा वळली. मागून घशातला कसलासा आवाज आला. "बघा," असंच म्हणत असेल बिचारी. सरजा भानावर येऊन फिरली तोवर हात खाली पडला होता, डहाळी परत ढिगात पडली होती आणि ठकूबाय गेली होती. सरजानं तिचा तळवा हुंगून पाहिला, पण सगळ्या अंगणालाच पाल्याचा वास येत होता.

मला अजून राग येतो. धरायचा कुणावर, ते मात्र कळत नाही.

तो ढीग सरजानं कुणाला हलवू दिला नाही. पाऊस पडला आणि त्या तोडलेल्या डहाळ्या सगळ्याच्या सगळ्या रुजल्या, असं म्हणतात. त्याचं दाट बन झालं. त्याला ठकूचं बन म्हणतात.

तळेखोलात आज साध्या खोकल्याला अडुळशाचा काढा करायचा असला तरी करणारी बाई आधी पान उंच धरते आणि मोठ्यानं नाव घेते. घरातली सगळी माणसं हातातलं काम टाकून बघतात आणि नाव परत म्हणतात. कुणाची मान जरा वळली तर म्हातारी माणसं ओरडतात, "ठकूबाय दावतीया, बघ!"

बनात मात्र विळा कुणी नेत नाही. तिथलं गवतसुद्धा उपटत नाहीत. काय सांगावं, तेच ठकूबायचं औषध असायचं.