रिंगणातलं पुढचं पाऊल

पूर्व नेपाळच्या डोंगरात राई लोकांचं एक गाव होतं. त्या गावात जसहांग नावाचा एक तरुण राहायचा. नाचात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याला नाच शिकवला होता सोममाया आजीने.

पेरणीआधी त्या गावात साकेलाचा सण असे. धरणीची आणि पूर्वजांची पूजा झाली, की ढोल-झांजांच्या तालावर अख्खं गाव रिंगण धरून नाचे. नांगरणी, पेरणी, पाखरांचं उडणं, सगळं पावलांतून दाखवायचं. पुढचा टाकील तेच पाऊल मागच्यांनी टाकायचं. पुढे राहण्याचा मान कित्येक वर्षं आजीचा होता.

त्या वर्षी गावचा मुखिया म्हणाला, "आजी आणि जसहांग, दोघंही पुढे राहा."

जसहांगला ते बोचलं; त्याला एकट्यालाच पुढे राहायचं होतं. शेजारच्या गावचे पाहुणे बघायला आले होते. म्हातारीचे नाचायचे दिवस सरले, हे एकदा सगळ्यांना दिसू दे, असं त्याच्या मनात आलं. पेरणीचा नाच रंगात आला तेव्हा त्याने ढोलवाल्याला खूण केली. ताल एकदम वाढला. जसहांगने गर्रकन गिरकी घेतली. त्याच्या पावलाशी पाऊल जुळवताना आजीचा तोल गेला आणि ती तोंडावर पडली.

रिंगण तुटलं. पाहुण्यांत कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"काय झालं गं, आजी?" मुखियाने धावत येऊन विचारलं.

आजीने जसहांगकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "माझंच पाऊल चुकलं. पोराला बोल लावू नका."

"मग आता तू बस. आजपासून जसहांग एकटाच पुढे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हवं होतं ते मिळालं, पण जसहांगचा चेहरा काळाठिक्कर पडला. पायांखालची जमीन आपल्याला गिळेल तर बरं, असं त्याला झालं.

"थांबा!" तो कसाबसा बोलला. "आजीचं पाऊल चुकलं नाही. मी मुद्दाम घाई केली. तिला पाडायलाच."

कोणी त्याला रागावलं नाही. त्याच्या आईने मात्र तोंड फिरवलं.

तो आजीच्या पायाशी बसला. "मला शिक्षा कर, आजी."

"शिक्षा राहू दे. रिंगण मोडलंय, ते आधी जोड. आणि हळू नाच, माझा गुडघा दुखतोय."

त्याने तिचा हात धरून तिला पुढे उभं केलं. नाच पुन्हा सुरू झाला. पण त्या दिवशी जसहांगला तिच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही.

तात्पर्य: शिकवणाऱ्याला पाडून मान मिळवता येतो, पण मग मान वर करता येत नाही.