मधल्या दोन पट्ट्या

माळाच्या कडेला, बोरीच्या जाळीखाली, एक साळिंदर आपली बायको साळू हिच्याबरोबर राहत असे. त्या दिवशी तो रोजच्यासारखा वाफ्यातले तण काढत होता. कावळा आला, आणि नेहमीसारखा फांदीवर न बसता जमिनीवर उतरला. "दादा, ओढ्याकाठची दरड पडली. वहिनी खाली होत्या," तो म्हणाला. साळिंदराने उपटलेले तण बांधावर नीट ठेवले आणि मग विचारले, "कधी?"

मुलांनो, या वाफ्याबद्दल थोडे सांगायला हवे. कंद लावण्यासाठी दोघांनी तो मिळून खणला होता. बाजू मापताना साळिंदर आडवा पडला, त्याच्या शेपटीला नाक लावून साळू पडली, आणि जेवढी लांबी भरली तेवढीच चारही बाजूंना घेतली. त्याची लांबी अ म्हणा, तिची ब. म्हणजे बाजू झाली (अ + ब), आणि वाफा झाला त्या बाजूचा वर्ग, (अ + ब)².

काही दिवसांनी कोल्हा आला. माळाचा कारभार तोच पाहत असे. "वाईट झालं हो, साळिंदरभाऊ," तो म्हणाला. "पण नियम तो नियम. जो गेला, त्याच्या एकट्याची जमीन माळाला परत. उद्यापासून तिथे रानडुकरं चरतील. तुमचा वर्ग तुम्हाला, वहिनींचा माळाला. सोपा हिशोब." त्याने साळिंदराला एका कोपऱ्यात आधी आडवे, मग उभे निजवून रेघा ओढल्या. "हे तुमचं. राहिलं ते सगळं वहिनींचं." साळिंदराने मान डोलावली.

बोरीवरून कावळा ओरडला, "अहो कोल्होबा, केवढ्या मोठ्या करून ठेवल्यात आमच्या वहिनी! लहानखुऱ्या होत्या त्या. त्यांचाही वर्ग मापा की."

"मापायला त्या आहेत कुठे?"

साळिंदर बिळात गेला. साळूच्या झोपायच्या जागी मातीत तिच्या अंगाचा खळगा होता. त्याला एक काडी लावून त्याने ती तेवढीच तोडली. बाहेर यायला त्याला बराच वेळ लागला.

त्या काडीने तिरप्या समोरच्या कोपऱ्यात वर्ग आखला, तेव्हा तो अगदीच लहान निघाला. अ² झाला, ब² झाला, तरी त्याच्या वर्गाच्या वर एक आणि उजवीकडे एक, अशा दोन लांबट पट्ट्या उरल्याच. प्रत्येकीची एक बाजू त्याच्या लांबीची, दुसरी तिच्या. दोन्ही मिळून २अब. साळूने लावलेले कंद तिथेच चांगले धरले होते.

"मग एक तुमची, एक त्यांची," कोल्हा म्हणाला.

"घ्या," साळिंदर म्हणाला. "फक्त तिच्या एकटीची कुठली, तेवढी दाखवा."

कोल्ह्याने दोन्ही पट्ट्यांभोवती फेरी मारली. त्याला दाखवता येईना. नियम त्यानेच सांगितला होता. कोपऱ्यातला लहान वर्ग तेवढा माळाला लावून तो निघून गेला.

वाफ्याचा आता एक कोपरा तुटला होता. कावळा जवळ येऊन म्हणाला, "दादा, उरलेल्या तिन्ही तुकड्यांत तुमची लांबी सामाईक आहे. ती कंसाबाहेर काढा. वरची पट्टी मोडून उजवीकडच्या पट्टीशेजारी उभी लावा, सरळ आयत होईल. अ(अ + २ब). राखायलाही सोपं. एकट्याला हे वेडंवाकडं कसं झेपणार?"

"बरोबर आहे तुझं," साळिंदर म्हणाला. "कंद निघाले की लावतो."

कंद निघाले. नवे लावूनही झाले. वरची पट्टी त्याने अजून हलवलेली नाही.

तात्पर्य : दोघांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे दोघांच्या वर्गांची बेरीज नव्हे; एक जण गेला, तरी मधले पद उरते.